हुकूम न ऐकणारा हात

आमच्या दुकानात कापड बेतलं जाई ते वाचनाच्या सोबतीनं. बोर्ली पंचतनच्या बाजारात, रस्ता सुपारीच्या वाड्यांकडे वळतो तिथे, आमचं शिंप्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मधे गोणपाटाचा एक पडदा. त्या पडद्यातून आईच्या चुलीचा धूर आणि भाजलेल्या सुकटीचा वास दुकानात येई, आणि दुकानातले वाद स्वयंपाकघरात जात. आई भाकरी थापता थापता मधूनच एखादं उत्तर बाहेर फेकी, आणि गिऱ्हाईक दचकून पडद्याकडे बघे. बाबा उंच फळीपाशी उभे राहून कापड बेतत. त्यांच्या पायाशी सतरंजीवर हसनमिया मांडी घालून काजं करीत. हसनमियांच्या काजांना श्रीवर्धनपर्यंत नाव होतं, पण त्यांनी आयुष्यात कापडाला कात्री लावली नव्हती. “मी भोकांचा मानूस, कापन्याचा न्हाय,” असं ते म्हणत. शिवणयंत्राची घरघर दुपारनंतर सुरू होई. सकाळ बेतण्याची, आणि म्हणून वाचनाची.

वाचायची मी. गावात मुलींसाठी चौथीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून शाळा संपली. वाचन संपलं नाही. बाबांना स्वतःला वाचता येई, पण कामाच्या वेळी त्यांचे डोळे खडूच्या रेघेवर असत. म्हणून त्यांनी मला उंबऱ्याजवळच्या बाकावर बसवलं आणि हातात चोपडी दिली. चोपड्या दिघीच्या बंदरातून येत. मुंबईहून अस्तराचं कापड पाठवणारा बाबांचा एक मित्र प्रत्येक गठ्ठ्यात दोन-चार पातळ चोपड्या कोंबून देई. लिहिणाऱ्याचं नाव पुष्कळदा नसेच. देवीची लस टोचून घ्या, विधवांचं केशवपन बंद करा, पाणवठा सगळ्यांना खुला करा, परदेशी कापड जाळा. हे शेवटचं मी वाचत असताना बाबा कात्री थांबवून समोरच्या विलायती मांजरपाटाकडे बघत राहिले होते.

“पुढं वाच,” ते म्हणाले. “शिंप्यानं कापडाला गाव विचारायचं नसतं.”

“विचारायलाच हवं!” मी ओरडले, आणि पडद्याआडून आई म्हणाली, “तुझ्या अंगावरचं आधी विचार.”

बाजारात बसून मोठ्यानं वाचणारी मुलगी ही काही साधी गोष्ट नव्हती. पांडूतात्या म्हणून एक भंडारी होते. सकाळची माडी उतरवून झाली की ते आमच्या पायरीवर ऐकायला येऊन बसत. रोज ऐकत आणि रोज टोमणा मारत. “मास्तर, पोर बाजारात बसवलीत. उद्या हिला करंल कोन?” बाबा मान वर न करता म्हणत, “जो ऐकून घेईल तो.” या एका वाक्यासाठी मी बाबांची जन्मभर ऋणी आहे. पुढे मी सभांतून बोलले, पत्रकं लिहिली, दोनदा आत गेले. त्या सगळ्यात जे धैर्य लोकांना माझं वाटलं, ते खरं म्हणजे एका शिंप्याचं होतं.

त्याच गठ्ठ्यांतून एकदा शरीरशास्त्राची चोपडी आली. मेंदू हा शरीररूपी राज्याचा राजा आहे, मज्जातंतू हे त्याचे जासूद आहेत आणि हातपाय ही त्याची रयत आहे, असं तिच्यात लिहिलं होतं. राजाच्या मनात आलं की जासूद धावतात आणि रयत निमूटपणे कामाला लागते. डाव्या बाजूच्या मेंदूचा अंमल उजव्या अंगावर चालतो आणि उजव्याचा डाव्यावर, हेही होतं. पण माझं डोकं पहिल्याच पानावर पेटलं होतं.

“निमूट का म्हणून?” मी चोपडी मिटून विचारलं. “रयतेला कुणी विचारलं का, करशील का म्हणून?”

“हळू गो बाय,” हसनमिया म्हणाले. “आपन नवाबाच्या संस्थानात र्‍हातो.”

“माझी रयत तर राजाला इचारत बी न्हाय,” पायरीवरून पांडूतात्या म्हणाले. “सांज झाली की पाय आपसूक मडक्याकडं वळत्यात.” सगळे हसले. बाबाही हसले आणि हसता हसता त्यांनी एका सदऱ्याची बाही सरसर कापून वेगळी केली. त्यांच्या हाताकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं. चालत्या हाताकडे कुणाचं लक्ष असतं?

तो हात थांबला तो एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी. कात्री फळीवरून खाली पडली आणि फरशीवर एवढा आवाज झाला की समोरचा वाणी बाहेर आला. बाबा वाकले नाहीत. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, जणू कुणी दुसऱ्याचा हात त्यांच्या बाहीत घालून ठेवला होता. मग त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं, आणि हसनमियांनी उठून त्यांना धरलं नसतं तर तेही कात्रीच्या शेजारी पडले असते. म्हसळ्याहून बैलगाडीतून डॉक्टर आले. त्यांनी डोळे पाहिले, गुडघ्यावर ठोकून पाहिलं आणि डोक्यातली एक रक्तवाहिनी बिघडल्याचं सांगितलं. जे परत यायचं ते येईल, जे यायचं नाही ते येणार नाही, आराम करू द्या. ते खोटं काही बोलले नाहीत. त्या काळी त्यांच्याजवळ याहून जास्त काही नव्हतं.

आईजवळ मात्र पुष्कळ होतं. तिळाचं तेल, तापवलेल्या वाळूची पुरचुंडी, निर्गुडीचा शेक. तेवढ्यावर भागलं नाही तेव्हा माहेरच्या कुणी तरी टोपलीत घालून पारवे आणले. लकवा मारलेल्या अंगावर पारव्याचं ताजं रक्त चोळतात. मी दारात आडवी उभी राहिले. अंधश्रद्धेवर मी आईला जे ऐकवलं, त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या चोपडीतलं होतं आणि प्रत्येक खरं होतं. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुझ्या चोपडीत उपाय आसंल तर तो वाच. नसंल तर दारातून हो.” मी बाजूला झाले. बाबांचा हात रक्तानं माखला, धुतला, पुन्हा माखला आणि होता तसाच राहिला.

बोलणं पहिल्यांदा परत आलं, थोडं लोळत, पण बाबांचंच. मग पाय आला. काठी धरून, उजवं पाऊल ओढत ते दुकानात येऊन बसू लागले. हात आला नाही. तो मांडीवर पडून असे, आणि बाबा उठताना डाव्या हातानं त्याला उचलून घेत. पांडूतात्या पहिल्या दिवशी आले, पायरीवर बसले. मग म्हणाले, “मास्तर, तुमच्या हातानं बी असहकार पुकारला म्हनायचा.” बाबा खदखदून हसले. आजारपणानंतरचं ते त्यांचं पहिलं हसू. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “बघ, तुझी रयत उठली.”

पण हसण्यावर दुकान चालत नव्हतं. फळीखाली बेतायच्या कापडांची गाठोडी रचून ठेवलेली होती. हसनमिया शिवू शकत होते, पण शिवायला आधी कुणी तरी कापायला हवं. लोक भले होते. थांबले, मग हळूहळू येऊ लागले. कुणी म्हणे लग्न जवळ आलंय, कुणी म्हणे पोरगा मुंबईला निघालाय. जाताना प्रत्येकजण आपलं गाठोडं असं काखेत लपवून नेई, जणू चोरून नेतोय. शेवटी एकच उरलं, पांडूतात्यांचं. त्यांचा मुलगा मुंबईच्या गोदीत कामाला होता. त्यानं आपल्या लग्नाच्या कोटासाठी गडद तपकिरी लोकरी कापड पाठवलं होतं. तसं कापड आमच्या बाजूला मिळत नव्हतं. मुलानं निरोप धाडला होता, श्रीवर्धनच्या शिंप्याकडे द्या. पांडूतात्या म्हणाले होते, “न्हाय. मास्तरच कापतील.” ते कापड गेलं असतं तर दुकानही गेलं असतं. हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मी अर्थातच बोलले. मी डाव्या हातावर भाषण केलं. उजवा शुभ, डावा अशुभ हे कुणी ठरवलं? जेवायला उजवा, आणि धुवायला डावा, ही हातांमधली अस्पृश्यताच नव्हे काय? डाव्यालाही कात्रीचा हक्क आहे! बाबा कौतुकानं ऐकत होते. मग म्हणाले, “आण कात्री.” डाव्या हातात कात्री घेऊन त्यांनी एका चिंधीत घातली. कापड कापलं गेलं नाही. दोन पात्यांच्या मधे ते दुमडून बसलं, जसं म्हाताऱ्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा. त्यांनी पुन्हा घातली, पुन्हा तेच. हाताचा दोष नव्हता. शिंप्याची कात्री उजव्या मुठीसाठीच घडवलेली असते. उजवी मूठ मिटताना पाती एकमेकांवर घट्ट दाबते, डावी त्यांना एकमेकांपासून दूर लोटते. “डाव्याचा हक्क मला मान्य आहे,” बाबा म्हणाले, “पण लोहाराला आधी सांगायला हवं होतं.”

आणि मग एका दुपारी जांभई आली. चैत्राचा उकाडा, यंत्र बंद, समोरच्या वाण्याचं कुत्रं फळीच्या सावलीत आडवं. मी काही तरी कंटाळवाणं वाचत होते. बाबांनी मोठी, तोंड फाटेल अशी जांभई दिली. त्या जांभईबरोबर मांडीवरचा उजवा हात उठला. कोपरात वाकून छातीपर्यंत आला, बोटं पसरली, आणि जांभई संपली तसा पुन्हा मांडीवर पडला. हसनमियांच्या हातातली सुई खाली पडली. “या अल्ला! मास्तर, हात!” आई पिठाच्या हातानं धावत आली. बाबांनी हाताला सांगितलं, ऊठ. हात उठला नाही. त्यांनी दात आवळले, कपाळाच्या शिरा फुगल्या, हात ढिम्म. त्यांनी जांभई आणून पाहिली. काही नाही.

“खोटी जांभई त्येला कळते,” पांडूतात्या म्हणाले.

“पारव्याचा गुण,” आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली.

मी आत धावले आणि ती शरीरशास्त्राची चोपडी शोधून काढली. राजाच्या रागात पुढची पानं मी नीट वाचलीच नव्हती. तिथे होतं की हालचाली दोन जातींच्या असतात. एक आपण मनात आणून करतो ती. तिचा हुकूम मेंदूच्या वरच्या पदरातून सुटतो. दुसरी आपोआप होते, शिंक, जांभई, दचकणं. तिचं ठाणं खाली, खोलवर असतं. स्नायू तेच, पण हुकमाच्या वाटा वेगळ्या. बाबांनी ते मला परत वाचायला लावलं. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्या हाताविषयी परकेपणा नव्हता.

“म्हणजे हात मेलेला नाही.”

“नाही बाबा.”

“हुकूम सुटतोय, पण वाटेत खचलंय कुठं तरी.”

“हो.”

“मग इतके दिवस आपण तेल कुठं चोळतोय? वाट डोक्यात खचलीय, आणि आपण गाव सारवतोय.” ते उठले, काठी टेकत पडद्यापाशी गेले आणि आईला म्हणाले, “सगुणे, पारवे सोडून दे. तुझं काम झालंय. आता माझं.”

माझी नात मेंदूची डॉक्टर आहे. तिला मी ही जांभईची गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. असं होतं, आजी, ती म्हणाली, आमच्याही पुस्तकात आहे. मग तिनं कागदावर मेंदूचा नकाशा काढून दाखवला. वरच्या पापुद्र्यावर कानापासून टाळूपर्यंत एक पट्टा असतो, आणि त्यावर शरीराचा प्रत्येक भाग आपापली जागा घेऊन बसलेला असतो. पाठ एवढी मोठी, तिला चिंचोळी पट्टी. हाताची बोटं आणि जीभ-ओठ यांना मात्र भरपूर जमीन, एकमेकांच्या शेजारी. आणि हुकूम काही एका राजाचा नसतो, ती म्हणाली. हलायचं ठरवणारे वेगळे, तोल सांभाळणारे वेगळे, हालचाल गुळगुळीत करणारे वेगळे, आणि खालून हात सतत वर कळवत असतो, मी इथवर आलो, आता पुढं काय. मला केवढा आनंद झाला. सोळा-सतराव्या वर्षी मी त्या चोपडीशी भांडले होते ते बरोबरच होतं. तिथे राजा नाही. तिथे पंचायत आहे.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी जे केलं ते फळीपाशी बसून, स्वतःच्या हाताकडे बघत केलं. सुरुवातीला ते एकेका बोटाला हुकूम देत. तर्जनी, ऊठ. अंगठा, वाक. घामाघूम होत, आणि बोटं ऐकत नसत. एके सकाळी फळीवरून दोऱ्याचं रीळ घरंगळलं, आणि बाबांचा उजवा हात त्याच्याकडे झेपावला. उशिरा झेपावला, रीळ पडून गेलं होतं, पण झेपावला. “द्वारके,” ते मला म्हणाले, “बोटाला ऊठ म्हटलं तर त्याला कळत नाही. रीळ धर म्हटलं तर कळतं. ह्याला हुकूम नको, काम हवं.” त्या दिवसापासून त्यांनी हाताला काम द्यायला सुरुवात केली. रिळं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. बटणं गोळा करणं. अंगुस्तानाची टोपी बोटात घालणं आणि काढणं. चार बटणं उचलली की ते दमून भिंतीला टेकत, तासभर लाकूड फोडल्यासारखे.

अडचण एकच होती, डावा हात. बटणाकडे उजवा निघायचा, आणि तो अर्ध्या वाटेत असतानाच डाव्यानं ते उचललेलं असे. “हा फार पुढं पुढं करतो,” बाबा म्हणाले. “बांध त्याला.” मला वाटलं थट्टा आहे. पण त्यांनी स्वतःच धोतराच्या पानाचा फाडलेला काठ काढून दिला, आणि मी त्यांचा धडधाकट डावा हात कमरेशी बांधला. आईनं हे पाहिलं आणि तिचा आवाज चढला. “चांगला हात बांधून ठेवतं का कोन? लोक काय म्हनतील, घरच्यांनी बांधून घातला!”

“लोकांना सांग, चोर आहे म्हणून बांधलाय,” बाबा म्हणाले. “उजव्याचं काम चोरतो.”

जेवताना तो सुटेल असं आईला वाटलं होतं. सुटला नाही. डाव्या हातानं खायचं नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. तिच्यावर मी भाषण केलं होतं, आणि बाबांनी तीच चाल आता कामाला लावली. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भाजलेला सुका बोंबील ताटात असे, आणि उजवा हात ताटाच्या कडेवरून घसरत, चिमटीत घास येण्याआधी सोडत, पुन्हा जात असे. पिठलं सदऱ्यावर सांडे. आई घास करून तोंडापाशी नेई, तर ते मान वळवत. ते रागावत नसत, फक्त मान वळवत. आई उठून परसात जाई आणि विहिरीच्या काठाशी उगाच भांडी घाशी. मग एके दिवशी मी पाहिलं की बाबांच्या ताटातली भाकरी तिनं जरा जाड थापली आहे, चिमटीत यावी अशी. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पण त्या घरात झालेला सगळ्यांत मोठा बदल तिनं पिठात केला होता.

पावसाआधी बाबांच्या अंगठ्यात कात्रीचं कडं जाऊ लागलं. ते केळीची पानं कापत, रद्दी कापत, जुन्या अस्तराच्या चिंध्या. रेघ कधी सरळ जाई, आणि मधेच एखाद्या कुर्लीसारखी तिरकी पळे. विचित्र हे होतं की ते जितके डोळे रोखून हाताकडे बघत तितका हात अडे. पाचही बोटं एकदम मिटत आणि कात्री जाम होऊन बसे. कुणी बघत नसलं, किंवा बाबा हसनमियांशी बोलत असले, की तोच हात बऱ्यापैकी चाले. मी हे पाहत होते, पण त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

लग्न आठवड्यावर आलं. त्या सकाळी पांडूतात्या पायरीवर बसले नाहीत. उभेच राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांना मी बिनटोमण्याचं कधी पाहिलं नव्हतं.

“मास्तर, पोरगा आलाय. म्हनतो, आज श्रीवर्धनला जाऊन येतो.”

“कापड न्यायला आलास?”

पांडूतात्यांनी मान खाली घातली. “व्हय.”

बाबांनी कमरेशी बांधलेल्या डाव्या हाताची बाजू माझ्याकडे केली. “सोड. आज कापड धरायला लागेल.” मग पांडूतात्यांना म्हणाले, “बस. वाचन ऐकून जा. द्वारके, वाच.”

त्यांनी ते तपकिरी कापड फळीवर पसरलं. हसनमियांनी गज धरला, बाबांनी उजव्या हातानं खडूची रेघ ओढली, थोडी कापरी, पण जिथे हवी तिथे. मग कात्री उचलली. माझ्या हाती लागली ती चोपडी शेणखताची होती. मी वाचू लागले, पण माझे डोळे अक्षरांवर नव्हते. कात्रीचं तोंड उघडलं, कापडाच्या कडेला लागलं आणि अडलं. बाबांच्या कानशिलावरून घाम ओघळला. हसनमियांचे ओठ हलत होते. पांडूतात्यांनी तोंड फिरवलं होतं, त्यांना बघवत नव्हतं.

“मोठ्यानं वाच गो,” बाबा म्हणाले. त्यांनी हातावरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतो तो, खड्डा कधी झाकायचा?”

“पावसाआधी. वरून पालापाचोळा घालून,” मी वाचलं.

“पांडू, तू झाकतोस का?”

“मी कशाला झाकू? माझं खत पावसानं वाहून जातंय दर साल,” पांडूतात्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

“म्हणून तुझे माड असे,” बाबा म्हणाले, आणि मला पहिला आवाज ऐकू आला. जाड लोकरीतून कात्री जाते तेव्हा आवाज होतो तो, बैल गवत उपटतो तसा. एक. मग दुसरा. मी मान वर केली नाही. मला कळलं होतं की मी पाहिलं तर सगळे पाहतील, आणि सगळ्यांनी पाहिलं तर तो हात लाजेल. मी वाचत राहिले. शेण, राख, मूत्र, पाला, थर कसे द्यायचे. बाबा मधेच आक्षेप घेत, पांडूतात्या उत्तर देत, हसनमिया हुं हुं करत, आणि त्या सगळ्याच्या खालून कात्री चालली होती. पाठ झाली. पाठीची एक कड किंचित नागमोडी गेली होती, ती हसनमियांनी पुढे शिवणीत घेतली. लग्नात कुणाला दिसली नाही. मग पुढचा पल्ला आला. मग मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली गोलाई, जिथे चांगल्या शिंप्याचाही श्वास अडकतो. आणि नेमकं तिथे चोपडी संपली.

माझ्या हातातल्या पानावर आता वाचण्याजोगी एकही ओळ नव्हती. कात्री मुंढ्याच्या वळणावर होती. मी थांबले असते तर बाबांची नजर हाताकडे गेली असती. मी थांबले नाही. मी त्या कोऱ्या जागेकडे बघत वाचत राहिले.

“शेतकरी बंधूंनो,” मी वाचलं, “मातीला हुकूम देऊन भात येत नाही. मातीला राजा नसतो. तिच्यात आपण काही तरी कालवतो आणि वाट बघतो, आणि शेजारीपाजारी हसतात. बंधूंनो, जो तुम्हाला सांगेल की ही जमीन मेली, त्याला एवढंच विचारा, तू तिला काम देऊन पाहिलंस का? रोज? ती नाही म्हणत असतानासुद्धा?” मी आवाज आणखी चढवला. काय काय वाचलं ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की वाक्यं कुठल्याच चोपडीतली नव्हती आणि तरी ती माझ्या आधी कुणी तरी रांगेत लावून ठेवल्यासारखी येत होती. कात्रीचा आवाज वळणावरून फिरला आणि सरळ वाटेला लागला.

कापलेला भाग बाबांनी उचलून झटकला. पांडूतात्या आता भिंतीकडे बघत नव्हते. ते टोपीनं डोळे पुसत होते. “लोकरीचं कुसळ ग्येलं,” ते कुणी न विचारता म्हणाले. पडद्याआड भाकरी थापण्याचा आवाज केव्हाचा थांबलेला होता.

“बाय,” हसनमिया म्हणाले, “आजची चोपडी लय भारी हाय. त्ये शेवटलं परत वाच. मेलेल्या जमिनीचं.”

मी पानाकडे पाहिलं. कोऱ्या जागेच्या खाली दंतमंजनाची जाहिरात होती. मग मी बाबांकडे पाहिलं. येणारी प्रत्येक चोपडी ते माझ्याआधी वाचत. ती कुठे संपते हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी उरलेलं कापड फळीवर ओढून सारखं केलं, उजव्या हाताचा अंगठा कात्रीच्या कड्यात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “वाच की. बाह्या राहिल्यात अजून.”

मी चोपडी जरा वर धरली आणि वाचू लागले.